सहकारनगर: नदीच्या पुरातून टेकडीच्या पायथ्याला

पुण्यात रिक्षावाल्याला नुसतं 'सहकारनगर' सांगून भागत नाही. 'नंबर एक की दोन?' असं तो विचारतोच. पेठा वारांच्या नावाच्या आणि नगरं पुढाऱ्यांच्या नाहीतर देवांच्या नावाची, अशा या शहरात हे एक नगर कायद्यातल्या तरतुदीचं नाव लावून बसलं आहे. दहा माणसं जमवा, सहकारी गृहरचना संस्था नोंदवा, जमीन संस्थेच्या नावावर घ्या आणि प्लॉट सभासदांत वाटा. पर्वतीच्या दक्षिणेला आणि तळजईच्या टेकडीच्या पायथ्याशी ही वसाहत याच रीतीने उभी राहिली. त्या संस्थांच्या सभासदांत मोठा भरणा १९६१ च्या पूरग्रस्तांचा होता.

प्रकरण थोडक्यात असं. नदीच्या पाण्याने घर गेलेली कुटुंबं नदीपासून लांब आणि उंच जागी आली. जागा टेकडीच्या उतारावरची होती, आणि टेकडीचं स्वतःचं पाणी असतं याचा हिशेब आखणीच्या घाईत राहून गेला. वसाहतीच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत निघालेल्या बहुतेक कटकटी, म्हणजे तडकलेल्या भिंती, फुगलेल्या संरक्षक भिंती, खालच्या शेजाऱ्याच्या अंगणात निघणारं घाण पाणी, कोरडे नळ, या एकाच चुकीच्या निरनिराळ्या तऱ्हा आहेत.

वाडे का पडले आणि भाडेकरू का बाहेर पडले

१२ जुलै १९६१, बुधवार. पानशेतचं मातीचं धरण अर्धवट असतानाच त्यात पाणी साठलं होतं. सकाळी ते फुटलं. तो लोंढा खडकवासल्यावर आला आणि १८७० च्या दशकात बांधलेलं दगडी धरणही काही तासांत गेलं. दुपारी लकडी पुलावरून पाणी वाहत होतं. नारायण, शनिवार, कसबा या नदीकाठच्या पेठा, पुलाची वाडी आणि डेक्कन जिमखान्याचा सखल भाग पाण्याखाली गेला.

वाड्यांचं नुकसान पाणी चढताना झालं त्यापेक्षा उतरल्यावर जास्त झालं. जुन्या वाड्याचा सांगाडा लाकडी असतो आणि भिंतींचं पोट पांढऱ्या मातीचं. बाहेरून विटांची किंवा दगडाची कातडी असली तरी आत माती. ही माती कोरडी असेतो दगडासारखी वागते. कित्येक तास पाण्यात राहिली की फुगते आणि तिचा दम जातो. आजूबाजूला पाणी असतं तोवर भिंतीला दोन्ही बाजूंनी आधार मिळतो. ते ओसरलं की आतून ओली, जड झालेली भिंत एकटी उरते आणि ढासळते. म्हणून पूर गेल्यावरही काही दिवस वाडे पडत राहिले.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली नाही तर पुढचं काहीच कळत नाही. वाड्यांत राहणाऱ्यांत मालकांपेक्षा भाडेकरू पुष्कळ जास्त होते. एका वाड्यात आठ-दहा बिऱ्हाडं ही साधी गोष्ट होती. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठलेली. पडलेला वाडा पुन्हा बांधून त्याच भाड्यात तीच बिऱ्हाडं घ्यायची, तर मालकाला त्यात काय मिळणार? मालकाकडे निदान जमीन उरली. भाडेकरूकडे भांड्याकुंड्यांखेरीज काही नव्हतं, आणि भांडीही बरीचशी वाहून गेलेली. त्यामुळे 'पडलेल्या जागी पुन्हा घर' हा मार्ग ज्यांना सर्वांत गरजेचा होता त्यांनाच बंद होता. त्यांच्यासाठी नवीन जमीनच शोधावी लागली.

पुनर्वसनासाठी सरकारने स. गो. बर्वे यांना पुण्यात आणलं. १९५० मध्ये महानगरपालिका झाली तेव्हाचे पहिले आयुक्त तेच. शहर त्यांना पाठ होतं. पुनर्वसन तीन तऱ्हांनी झालं. तातडीचा निवारा म्हणून निसेन हट उभारले. हे अर्धगोल पन्हाळी पत्र्याचे हट मूळचे पहिल्या महायुद्धातल्या सैन्यासाठी काढलेले, झटपट उभे राहणारे आणि एप्रिल-मे महिन्यांत भट्टीसारखे तापणारे. दुसरी तऱ्हा गृहनिर्माण मंडळाच्या तयार घरांची, लोकमान्यनगर त्यातलं. तिसरी तऱ्हा सहकारी संस्थांना भाडेपट्ट्याने जमीन देण्याची. घर ज्याने त्याने बांधायचं. गोखलेनगर वेताळ टेकडीच्या पायथ्याशी आणि सहकारनगर तळजईच्या. दोन्ही पूरग्रस्तांच्या वसाहती टेकडीला टेकलेल्या असाव्यात हा योगायोग नव्हे.

हीच जमीन का मिळाली

याचं उत्तर कालव्यात आहे. खडकवासल्याचा मुठा उजवा कालवा पर्वतीच्या उत्तर पायथ्याने स्वारगेटकडे आणि पुढे हडपसरकडे जातो. कालव्याचा उतार अगदी थोडा असतो, म्हणून त्याची वाट जवळजवळ समपातळीची रेघ असते. उजव्या कालव्याचं पाणी त्याच्या नदीकडच्या बाजूला जमिनीवर आपोआप उतरतं. टेकडीकडच्या बाजूला ते चढत नाही. म्हणजे कालव्याच्या खाली बागायत आणि वर जिरायत किंवा नुसता माळ. बागायत महाग, पिकती आणि वहिवाटीतली. पर्वतीच्या मागचा माळ मात्र खडकाळ, पातळ मुरमाचा आणि गवताचा. भाव कमी आणि ताबा घेणं सोपं.

शिवाय पेठांपासून अंतर फार नव्हतं. पुरात घर गेलं तरी नोकरी, शाळा, मंडई, ओळखीचा किराणा दुकानदार हे सगळं पेठेतच होतं. सायकलवर पंधरा-वीस मिनिटांत पोचता येईल एवढ्यावर ही जागा होती. कारकून, शिक्षक, छापखान्यातला जुळारी अशा माणसाला हे अंतर परवडणारं होतं.

स्वस्त का, याचं कारण मात्र पुढे तीस वर्षं पुरलं. कालव्याचं पाणी जिथे चढत नव्हतं तिथे नळाचं पाणी चढणंही अवघडच होतं.

दहास एक

पायथ्याच्या जमिनीचा उतार साधारण वीसास एक ते दहास एक असतो, म्हणजे वीस किंवा दहा फूट चाललं की एक फूट चढ. वर टेकडीकडे सरकावं तसा तो वाढतो. कागदावर प्लॉट सपाटच दिसतात. ६० फूट लांब आणि ४० फूट रुंद असा प्लॉट घ्या. त्याची लांबी उताराच्या दिशेने असेल आणि उतार दहास एक, तर मागची हद्द पुढच्या हद्दीपेक्षा ६ फुटांनी उंच असते. एवढा फरक कुठेतरी जिरवावा लागतो. जिरवायचे मार्ग तीनच: मागे खणा, पुढे भरा, किंवा जोतं उंच करा. गवंडी तिन्ही थोडं थोडं करी.

आजही जुन्या बंगल्यांच्या ओळीवरून चालताना हे दिसतं. रस्त्याच्या वरच्या अंगाच्या घराला फाटकातून आत जाऊन सात-आठ पायऱ्या चढाव्या लागतात. समोरच्या खालच्या अंगाच्या घरात दोन पायऱ्या चढलं की ओटा. तेच खालचं घर मागून पाहिलं तर जोतं माणसाच्या उंचीचं. त्या जोत्याच्या पोटात आधी लाकडं, बंबाच्या ढलप्या, मोडक्या सायकली ठेवत. पुढे तिथे खिडकी फोडून खोली निघाली आणि कॉलेजच्या मुलांना भाड्याने गेली. अशा खोलीची मागची भिंत पावसाळ्यात ओली होते. कारण ती भिंत नाहीच. ती मातीला टेकलेली जोत्याची दगडी बाजू आहे.

बांधकाम भार पेलणाऱ्या भिंतींचं असे. पाया आणि जोतं काळ्या दगडाचं, दीड फुटी. वर नऊ इंची विटांची भिंत. छत ऐपतीप्रमाणे मंगलोरी कौलांचं, पत्र्याचं किंवा एक-दोन-चार मालाच्या (एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी) स्लॅबचं. सिमेंट परमिटवर मिळे, म्हणून ते स्लॅबसाठी राखून ठेवायचं आणि पायात चुना किंवा हलका माल वापरायचा, ही काटकसर सर्रास चाले. काटकसर नेमकी चुकीच्या जागी होती.

कारण पायाखाली काय आहे ते प्लॉटच्या दोन टोकांना वेगळं असे. मागे, टेकडीच्या बाजूला, दोन-तीन फुटांवर कच्चा खडक लागे. पहारेने निघाला नाही तर वडार बोलावून सुरुंग घ्यावा लागे. पुढे मात्र मागून काढलेलाच मुरूम टाकून केलेला भराव. घराचा अर्धा पाया खडकावर आणि अर्धा भरावावर. भराव सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मसाने ठोकत चढवला तर फारसा बसत नाही. टोपल्यांनी ओतून वरून पाय दिले असतील तर स्वतःच्या उंचीच्या तीन ते पाच टक्के बसतो. ४ फुटांचा भराव म्हणजे दीड ते अडीच इंच. आणि २० फूट लांबीची विटांची भिंत एका टोकाला पाऊण इंच खचली तरी तडकायला पुरेसं असतं.

ही भेग ओळखायला सोपी आहे. ती सरळ नसते. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून सांध्यासांध्याने पायऱ्या उतरल्यासारखी तिरकी जाते, वर रुंद आणि खाली निमुळती, आणि घराचा दरीकडचा कोपरा बाकीच्या घरापासून सुटा व्हायला बघतो. बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यानंतर दिसते. दर उन्हाळ्यात सिमेंटने भरतात आणि दर दिवाळीला ती परत उघडते, कारण दुखणं भिंतीचं नसून पायाचं असतं.

योग्य पद्धत त्या काळच्या चांगल्या मिस्त्रींना माहीत होती. पाया एका पातळीत न घेता पायऱ्यांनी खाली न्यायचा आणि प्रत्येक टप्पा मूळ जमिनीत, म्हणजे न हललेल्या मुरमात किंवा खडकात, बसवायचा. भराव फक्त फरशीखाली. भिंतीखाली कधीच नाही. यात दरीकडच्या बाजूला दगडकाम चार-पाच फूट वाढतं. कर्जाचा पहिला हप्ता जोत्यापर्यंतचा असेल तर तो जोतं पुरं व्हायच्या आधीच संपतो. पाया उथळ राहिला त्यामागे अज्ञानापेक्षा हे हप्त्याचं गणित जास्त होतं.

भिंत फुगते तेव्हा

दोन प्लॉटमधला उंचीचा फरक धरून ठेवायला दगडी भिंत लागते. इथल्या जुन्या भिंती साध्या वजनदार जातीच्या आहेत. वर दीड फूट रुंद, खाली उंचीच्या निम्मी ते सहादशांश. ६ फुटांच्या भिंतीचा तळ तीन ते साडेतीन फूट हवा. अनेक ठिकाणी वर-खाली सरसकट दीड फूटच आहे, कारण ती संरक्षक भिंत म्हणून बांधलीच नव्हती. आधी हद्दीचं कुंपण होतं. नंतर वरच्या शेजाऱ्याने अंगण सपाट करायला त्याच्या मागे माती टाकली.

तरीही कोरड्या मुरमाला दीड फुटी भिंत बरीच वर्षं धरून ठेवते. घात करतं ते पाणी. २ मीटर उंचीच्या भिंतीमागे कोरडा मुरूम असेल तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे सव्वा टनाचा रेटा येतो. मागे वरपर्यंत पाणी साठलं तर एकट्या पाण्याचा रेटा २ टन, आणि भिजलेल्या मातीचा अर्ध्या टनाहून थोडा जास्त. एकूण अडीच टन, म्हणजे दुप्पट. शिवाय हे पाणी तळाखाली शिरून भिंतीला वर उचलायला बघतं आणि तिचं वजन कमी केल्यासारखं होतं.

म्हणून भिंतीत पाणी जायला भोकं ठेवतात. दर पाच-सहा फुटांवर एक, बाहेरच्या जमिनीच्या थोडं वर, बाहेर उतार देऊन. भोकामागे फूटभर जाडीचा दगडगोट्यांचा थर हवा. तो नसला तर मुरमातली बारीक माती दोन-चार पावसाळ्यांत भोक बुजवते.

या वसाहतीत भोकं बुजण्याचं आणखी एक कारण सापडतं आणि ते शुद्ध माणसाचं आहे. वरच्या घराच्या अंगणातलं, बागेतलं आणि कधीकधी मोरीचं पाणी त्या भोकांतून खालच्याच्या दारात येई. खालचा वैतागून एके दिवशी सिमेंट कालवून भोकं बंद करी आणि वर प्लास्टर मारी. दोन वर्षं भिंत छान दिसे. मग प्लास्टरवर पांढरा लोणा फुलू लागे, रंगाचे पापुद्रे सुटत, मधोमध भिंत पोटासारखी पुढे येई. ओळंबा लावला तर मध्यावर दोन इंच पुढे. या अवस्थेत बुजलेली भोकं पुन्हा पाडली, वरचं अंगण उकरून मागे दगडगोटे भरले आणि अंगणाचा उतार भिंतीपासून उलटा फिरवला, तर भिंत वाचू शकते. नुसता बाहेरून टेकू बांधला तर टेकूही तिच्याबरोबर जातो.

खडक शोषत नाही

ड्रेनेजची लाइन येईपर्यंत अशा वसाहतीत प्रत्येक घराची सोय वेगळी असते: सेप्टिक टँक आणि पुढे शोषखड्डा. पाच माणसांच्या घराला आतून ५ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि साडेतीन फूट पाण्याची खोली एवढी टाकी पुरते. दोनेक वर्षांनी उपसायची. टाकीचं काम फक्त गाळ खाली बसवण्याचं. बाहेर पडणारं पाणी काळं, वासाचं असतंच आणि ते जमिनीने शोषायला हवं.

सदाशिव पेठेतल्या मातीत हे चालतं. इथे दोन-तीन फूट मुरूम आणि त्याखाली काळा खडक. शोषखड्डा खडकात खणला की तो शोषखड्डा राहत नाही, हौद होतो. भरला की पाणी मुरूम आणि खडक यांच्या सांध्यावरून उताराकडे सरकतं आणि जिथे तो सांधा उघडा पडला असेल तिथे बाहेर येतं. उघडा तो पडतो खालच्या शेजाऱ्याने घरासाठी खोदलेल्या मागच्या कापात. म्हणजे वरच्याचं पाणी नेमकं खालच्याच्या स्वयंपाकघरामागे.

संस्थांच्या बैठकांत वर्षानुवर्षं चालणारी 'त्यांचं पाणी आमच्याकडे येतं' ही तक्रार याच सांध्यावरची असते. यात वरच्याचा दोष नाही आणि खालच्याचाही नाही. आखणी करतानाच मागच्या हद्दींच्या मधून तीन-चार फुटांची मोकळी पट्टी आणि तिच्यात तळाला खडकापर्यंत गेलेली चर ठेवली असती, तर दोघांचंही पाणी तिथून गेलं असतं. सार्वजनिक लाइन आली आणि मैल्याचं पाणी थांबलं, पण सांध्यावरून येणारं पावसाचं पाणी तसंच राहिलं. फरक एवढाच की आता त्याला वास नसतो.

वरची ओळ

नळाच्या पाण्याचा नियम साधा आहे. टाकीतल्या पाण्याची पातळी तुमच्या तोटीपेक्षा जेवढी उंच, त्यातल्या दर १० मीटरला चौरस सेंटिमीटरमागे १ किलोचा दाब मिळतो. बैठ्या घराला निदान ७ मीटर, एकमजल्याला १२ आणि दुमजल्याला १७ मीटर लागतात, तेही वाटेतल्या नळात घासून जाणारा दाब वजा करून. पायथ्याची वसाहत खालून वर १५-२० मीटर चढत असेल, तर खालच्या ओळीत धबधबा आणि वरच्या ओळीत फुसफुस हे ठरलेलंच. खालच्यांनी अंगणात नळ उघडे सोडले की वरची फुसफुसही बंद.

म्हणून वरच्या ओळीतल्या घरांनी फाटकाजवळ जमिनीखाली टाकी बांधली, रस्त्याच्या पातळीच्याही खाली, म्हणजे जेवढा दाब असेल तेवढ्यात ती भरावी. तिथून मोटरने गच्चीवर. खालची टाकी हजार-दीड हजार लिटरची असली तर पाचसहा माणसांना दोन दिवस पुरते. काहींनी मोटर सरळ महापालिकेच्या नळालाच जोडली. हे बेकायदेशीर तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे नळात दाब नसताना मोटर ओढते तेव्हा गळक्या सांध्यांतून बाहेरचं पाणी आत शिरतं. शेजारी शोषखड्डा असेल तर काय शिरतं ते सांगायला नको.

वसाहतीच्या जुन्या भागात प्लॉटची ओळ कोणत्या पातळीला थांबली ते पाहिलं तर ती बऱ्यापैकी पाण्याच्या पातळीशी जुळते. आखीव सोसायट्या पाणी चढेल तिथवर चढल्या. त्यापुढचा उतार रिकामा राहिला, आणि ज्यांना नळाची अट घालणं परवडत नव्हतं ते तिथे गेले. पर्वतीच्या अंगावरची जनता वसाहत किंवा तळजईच्या बाजूच्या वस्त्या बघा: डोक्यावर हंडा आणि चढावर घर. १९७२ च्या दुष्काळानंतर शहरात आलेल्यांनी ही चढण आणखी भरली. खालच्या बंगल्यांचे पाये खणणारे, दगड फोडणारे आणि धुणीभांडी करणारे बरेच हात वरून येत. दोन वसाहतींमध्ये काही मीटरचीच उंची होती, पण एकीकडे भाडेपट्टा होता आणि दुसरीकडे काहीच नव्हतं.

नाला आणि नळा

आता मूळ चुकीकडे. टेकडीवरून उतरणारे छोटे नाले वर्षातले दहा महिने कोरडे असतात. पुण्याचा पाऊस सरासरी सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटर. त्यातलं पुष्कळ भुरभुर. त्यामुळे मे महिन्यात मोजणी करणाऱ्याला नाला म्हणजे एक खोलगट दगडाळ पट्टा दिसतो. तो दोन प्लॉटच्या हद्दीवर टाकला जातो, किंवा रस्ता त्यावरून नेऊन खाली नळा, म्हणजे पाणी पलीकडे नेणारा मोठा पाइप, घातला जातो.

नळ्याचा हिशेब करून पाहू. २ मीटर रुंद, १ मीटर खोल, ओबडधोबड आणि पन्नासास एक उताराचा नाला भरून वाहिला तर सेकंदाला सुमारे ५ घनमीटर पाणी नेतो. त्याच उतारावर ६०० मिलिमीटर व्यासाचा सिमेंटचा नळा, आतून स्वच्छ असताना, सेकंदाला ०.८७ घनमीटर नेतो. म्हणजे पाचवा हिस्सासुद्धा नाही. नळ्याच्या तोंडाशी एक फांदी आणि दोन प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या की तोही हिशेब संपला.

दुसऱ्या बाजूने येणारं पाणी वाढत जातं. १० हेक्टर माळावर तासाला ५० मिलिमीटर वेगाचा पाऊस पडला आणि निम्मं पाणी वाहून आलं, तर सेकंदाला ०.७ घनमीटर. हाच ६०० चा नळा कसाबसा पुरला. त्या माळावर छपरं, फरशा, डांबरी रस्ते आले आणि पंचाऐंशी टक्के पाणी वाहू लागलं, की ते १.२ घनमीटर होतं. नळा तोच. उरलेलं पाणी रस्त्यावरून जातं आणि रस्ता उताराचा असल्यामुळे ते वेगाने जातं. पहिल्या वर्षांत नळे तुंबले नाहीत याचं श्रेय आखणीला देऊ नये. तेव्हा आजूबाजूला घरं कमी होती, इतकंच.

हे सगळे नाले शेवटी आंबिल ओढ्याला मिळतात. हा ओढा कात्रजच्या डोंगरातून निघून पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर करत दांडेकर पुलाखालून मुठेला जातो. माणसाने त्याला हात लावण्याचीही ही पहिली वेळ नव्हती. पूर्वी हा ओढा शहरातून वाहत असे. पेशवाईत पर्वतीपाशी बांध घालून त्याला पश्चिमेकडे वळवलं आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं. आज तिथे सारसबाग आहे. म्हणजे ओढ्याची आजची वाटच मुळात दिलेली आहे.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला जोराचा पाऊस झाला आणि आंबिल ओढा काठ सोडून वस्तीत घुसला. अरण्येश्वरला भिंत पडून माणसं दगावली, गाड्या वाहून एकमेकींवर चढल्या, ओढ्याकाठच्या सोसायट्यांच्या तळमजल्यांवर छातीएवढं पाणी झालं. १९६१ च्या पूरग्रस्तांसाठी वसवलेल्या भागात, अठ्ठावन्न वर्षांनी, पंचनामे करायला तलाठी पुन्हा दारोदार हिंडले.

कागद कसे वाचायचे

अशा वसाहतीतल्या एखाद्या प्लॉटची सुरुवात शोधायची असेल तर क्रम उलटा धरावा. आजच्या मिळकत पत्रिकेपासून मागे जायचं. पत्रिकेवर जमीनधारक म्हणून सरकार किंवा संस्था दिसेल; सभासदाचं नाव तिथे असेलच असं नाही. ते संस्थेच्या सभासद नोंदवहीत आणि शेअर सर्टिफिकेटवर असतं. मग संस्थेचा भाडेपट्टा: मुदत साधारण ९९ वर्षांची, आणि त्यात वापर, हस्तांतर, पोटभाडं यांच्या अटी. नोंदणीची तारीख कोणत्या कायद्याखालची आहे तेही पाहावं. २६ जानेवारी १९६२ ला महाराष्ट्राचा सहकारी संस्था कायदा लागू झाला. त्याआधीच्या संस्था १९२५ च्या मुंबई कायद्याखालच्या. पूर जुलै १९६१ चा, म्हणजे अगदी पहिल्या संस्था या सांध्यावर जन्मल्या.

अडचण येते ती मधल्या पिढीत. मूळ सभासद वारला, मुलं राहत राहिली, वारसनोंद कुणी केली नाही. किंवा घर विकलं, पैसे दिले-घेतले, संस्थेने सभासद करून घेतलं, पण जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेतली नाही. हा शर्तभंग. तो कागदावर तीस वर्षं गप्प पडून राहतो आणि पुनर्विकासाच्या वेळी बोलू लागतो. भाडेपट्ट्याच्या जमिनी भोगवटादार वर्ग १, म्हणजे पूर्ण मालकीच्या, करून घेण्याचे नियम २०१९ च्या मार्चमध्ये आले. पूरग्रस्तांच्या शंभरावर संस्थांचं पुण्यात त्याकडे लक्ष होतं. अर्ज करताना पहिल्यांदा हेच मधले दुवे शोधावे लागतात.

कागदांच्या चळतीत एक नकाशा मात्र वेगळा काढून ठेवावा: प्लॉट पडण्याआधीचा मोजणीचा. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून नाले निळ्या पेन्सिलने उतरवायचे, मग तोच कागद आजच्या मांडणीवर जुळवायचा. खुणेसाठी रस्ते घेऊ नयेत, ते हलतात. जुनी विहीर, देऊळ, हद्दीचा दगड घ्यावा. तीन खुणा जुळल्या की निळी रेघ कुणाच्या जोत्याखालून जाते ते दिसतं. तिरकी भेग आणि लोणा बहुधा त्याच घरांत सापडतो.

आता या ओळींतले जुने बंगले पाडून इमारती होत आहेत. पार्किंगसाठी तीन-साडेतीन मीटर खोल खणतात, म्हणजे मुरूम आणि खडक यांचा तो सांधा पूर्ण लांबीने उघडा करतात. सप्टेंबरात खड्ड्यात पाणी दिसतं, ठेकेदार म्हणतो पावसाचं आहे. दिवाळी होते, थंडी पडते, तरी मागच्या कापातून, जमिनीखाली तीनेक फुटांवर, ओल्या काळ्या रेघेतून पाणी झिरपत असतं. मग दोन इंची मोटर बसते. ती रात्रभर चालू राहते आणि पाणी पाइपाने रस्त्यावर सोडलेलं असतं. ते उताराने खालच्या नळ्याकडे जातं, आणि वर, शेवटच्या ओळीत, टँकर उभा असतो.